तीन वर्षांचा नर

जंगली टर्की विकत मिळत नाही, भेट मिळते. शिकार केलेला रानपक्षी विकायला अमेरिकेत कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे शिकारी मंडळींच्या फ्रीझरमधली जागा संपली की त्यांना शेजारधर्म आठवतो. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे एप्रिल-मेमध्ये टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो आणि शेजारच्या आजोबांचा नेम, आमच्या दुर्दैवानं, फार चांगला आहे.

यंदा ते दारात आले तेव्हा हातात उलटा लटकवलेला पक्षी होता. पिसं, पाय, छातीवरची लोंबती दाढी, सगळा ऐवज जागच्या जागी. वसंतातल्या हंगामात दाढीवालाच पक्षी मारता येतो, म्हणजे बहुतेक नरच. आजोबांनी कौतुकानं त्याच्या पायामागचा काटा दाखवला. काटा इंचभराहून मोठा, म्हणजे वय किमान तीन वर्षं. मी सासूबाईंसाठी मराठीत सांगितलं. त्या कोल्हापूरच्या. पदर खोचत म्हणाल्या, "तीन वर्षांचा? अगं, एवढ्या वयाचा कोंबडा आम्ही कापत नाही, घरातला थोरला म्हणून सांभाळतो!"

दुकानातल्या टर्कीची आम्हाला सवय आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, ती आमच्याकडेही येते. तिचे हाल वेगळे. आठ-नऊ किलोचा गोठलेला दगड फ्रिजमध्ये सुटायला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढे दिवस इडलीचं पीठ बेघर होतं. पोटात हात घातला की मान आणि काळीज-पेटा कागदी पुडक्यात बांधून ठेवलेले सापडतात. शिवाय बहुतेक वेळा आत मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि त्याची टक्केवारी लेबलावर राजरोस छापलेली असते. पाण्याचे पैसे दुधाच्या भावानं घेणाऱ्या आमच्या जुन्या गवळ्यानं निदान कधी लेखी कबुली दिली नव्हती.

पण तो पक्षी बिचारा काय करणार? तो वाढवलाच आहे छातीच्या मांसासाठी. छाती इतकी अवजड की उडता येत नाही आणि नर-मादीचा संसारही आपापला जमत नाही. पैदास सगळी कृत्रिम रेतनावर. चार-पाच महिन्यांत त्याचा ग्रंथ आटोपतो. तेवढ्यात पायांना व्यायाम तो कितीसा होणार! म्हणून मांस मऊ, आणि चव म्हणाल तर ज्या ग्रेव्हीत बुडवाल तिची.

जंगलातला गडी ताशी चाळीस किलोमीटर वेगानं धावतो, वेळ आली तर ऐंशीच्या पुढच्या वेगानं उडतो आणि रात्री झाडावर झोपतो. अमेरिकेच्या राष्ट्रनिर्मात्यांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ साली लेकीला लिहिलेल्या पत्रात राष्ट्रचिन्हावरच्या गरुडापेक्षा टर्की अधिक इज्जतदार असल्याचं म्हटलं होतं. याच गृहस्थांनी १७५० साली टर्कीला विजेनं मारायच्या नादात स्वतःलाच झटका बसवून घेतला होता, तेव्हा आदर अनुभवातून आला असावा. विस्कॉन्सिनमधून हे पक्षी एकोणिसाव्या शतकातच नाहीसे झाले होते. १९७६ साली मिसुरी राज्यातून टर्क्या आणून इथे सोडल्या आणि बदल्यात मिसुरीला इथले ग्राउस पक्षी दिले. साटंलोटं इतकं फळलं की आता आमच्या राजधानीच्या, मॅडिसनच्या रस्त्यांवर टर्क्यांचा घोळका गाड्या अडवून सावकाश पलीकडे जातो. हॉर्न दिला तर थांबून बघतो.

असो. पिसं. मोठ्या टर्कीला पाच-सहा हजार पिसं असतात. गॅरेजमध्ये कढत पाण्याच्या बादलीत पक्षी बुचकळून नवऱ्यानं उत्साहानं सुरुवात केली. पंखांपर्यंत पोचेस्तोवर त्याला ऑफिसची महत्त्वाची मीटिंग आठवली. रविवारी. उरलेलं सासूबाईंनी उपटलं, मग हळद चोळून नवऱ्याच्या लाडक्या बार्बेक्यू ग्रिलवर पक्षी चारी बाजूंनी भाजून घेतला. तो वास गल्लीभर गेला. समोरच्या बाई कुत्र्याला फिरवताना थबकल्या. कुत्रा तर हलेचना.

नवऱ्याचं म्हणणं होतं, अख्खा ओव्हनमध्ये ठेवू, फोटो छान येतो. मी हाणून पाडलं. टर्की आतपर्यंत १६५ फॅरनहाइटला, म्हणजे ७४ सेल्सियसला पोचावी लागते. रानपक्ष्याच्या अंगात चरबी जवळजवळ नाही आणि टोचलेलं पाणीही नाही. मांड्या शिजेपर्यंत छाती कोरडी ठणठणीत होते. म्हणून वाटणी केली: छातीचं सुकं, पायांचा रस्सा.

छातीनं त्रास दिला नाही. आडवे पातळ काप, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, लोखंडी कढई, झटपट. रंग दुकानातल्यापेक्षा गडद आणि चव थेट गावठी कोंबड्याची. फक्त सावकाश चावायचं, कारण एखादा छर्रा दाताखाली येतो. आमच्या लेकानं ताटाच्या कडेला मांडून त्यांची मोजदाद ठेवली.

पायांनी मात्र असहकार पुकारला. जन्मभर धावलेले ते स्नायू, आत हाडासारख्या कडक झालेल्या शिरा. सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस भाजून सासूबाईंनी वाटण तयार ठेवलं आणि कुकर लावला. नेहमीच्या शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं, पायांनी ओळखही दाखवली नाही. पुन्हा लावला. मधे चहा झाला, एक मालिका झाली, दुसरीचा मागचा भाग झाला. शिट्ट्या मोजणं मी सोडून दिलं. शेवटी मांस हाडापासून सुटलं तेव्हा सासूबाई कुकरकडे बघून म्हणाल्या, "वठणीवर आला एकदाचा!"

आणि रस्सा! दुकानातल्या टर्कीला सात जन्मांत जमणार नाही असा. वरचा तवंग मसाल्याच्या तेलाचा, पण खालचं पाणी पूर्णपणे त्या तीन वर्षांच्या नराचं. सासूबाईंनी भाकऱ्या थापल्या आणि आजोबांना बोलावणं धाडलं. ते स्वतः छाती तेवढी काढून तळतात, पायांच्या वाटेला जात नाहीत. पहिल्या घोटाला ते लाल झाले, दुसऱ्याला घाम पुसला आणि तिसऱ्यानंतर वाटी सरळ सासूबाईंपुढे धरली.

जाताना त्यांनी विचारलं, या बाई परत कधी जाणार? मी म्हटलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला. आजोबांचा चेहरा पडला. शरदातही एक हंगाम असतो, सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि त्यात माद्याही मारता येतात. हे मी सासूबाईंना सांगितलं.

"माद्या? म्हणजे कोवळ्या मिळतील," त्या म्हणाल्या, आणि मुक्काम वाढवायचा अर्ज कुठे मिळतो ते बघायला त्यांनी नवऱ्याला मीटिंगमधून उठवलं.