दुष्काळात तेरावा महिना

मोबाईलच्या २८ दिवसांच्या रिचार्जमुळे वर्षात एक रिचार्ज जादा पडतं, असा हिशेब एका लेखात मांडलाय, तो बरोबरच आहे. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, वर्षाला तेरा वेळा पैसे. पंचांगातला धोंड्याचा महिना निदान ३२-३३ महिन्यांनी येतो आणि जावयाला ताटभर अनारसे तरी मिळतात. मोबाईल कंपन्यांचा धोंडा दरवर्षी, आणि जावई उपाशी!

ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकानं, २०२२ मध्ये सांगितलं होतं, की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा. ठेवलाय की! पण ॲप उघडलं की समोर २८, ५६, ८४ हेच मिरवत असतात. तो बिचारा खाली कुठंतरी कोपऱ्यात.

खरी गंमत आमच्या आण्णांची. सांगलीत विश्रामबागला राहतात, फोन बटणांचा, त्यात इंटरनेट नाही. तरी कित्येक वर्षं रोजच्या दीड जीबीचे पैसे भरत होते. "हे दीड जीबी जातंय कुठं रे?" असं विचारायचे. आता काय सांगणार, कप्पाळ!

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नुसत्या कॉल-एसएमएसचं रिचार्ज ठेवणं बंधनकारक केलं. तेही आले ते लांब मुदतीचे, म्हणजे एकदम मोठी रक्कम काढा. तरी आण्णा हौसेनं दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "आण्णा, त्यापेक्षा डेटावालं मारा की, परवडतंय."

आण्णा म्हणाले, "डेटा तू ठेव, तेवढे पैसे कमी कर."