मोबाईल नंबर सोबत नेता येतो, मग माणसं का नाही?

मामाचं सोशल मीडियावरचं पेज गेलं त्याला दोन वर्षं झाली. रोज रात्री जेवणं झाली की मामा चष्मा पुसून, एका बोटाने, आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत बसायचा, आठ वर्षं. मग एक दिवस अकाउंट लॉक, अपील केलं, उत्तर नाही. ओव्या वहीत होत्या म्हणून वाचल्या, पण खाली कमेंटमध्ये 'आमच्याकडे हीच ओवी अशी म्हणतात' असं सांगून पुढची ओळ लिहून जाणाऱ्या बायका? त्या सगळ्या गेल्या, कारण त्यांचा पत्ता आमच्याकडे नव्हताच, कंपनीकडे होता.

भाजीवालीकडे फोनपे, माझ्याकडे गूगल पे, तरी पैसे जातात कारण खाली यूपीआय एकच. २०११ पासून देशभर सिमची कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. सोशल मीडियात हे होऊच शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, वेगवेगळ्या साइट्सना एकमेकांशी बोलता यावं म्हणून अॅक्टिव्हिटीपब नावाचं स्टँडर्ड जानेवारी २०१८ मध्येच मंजूर झालंय, मॅस्टोडॉन हे अनेक स्वतंत्र सर्व्हर्सचं मिळून बनलेलं सोशल नेटवर्क त्यावरच चालतं आणि तिथे सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स आपोआप नव्या पत्त्यावर येतात. जुन्या पोस्टी मात्र मागेच राहतात, आणि मामासारख्या माणसासाठी ही फार मोठी उणीव आहे. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कने पोस्टीसुद्धा नेता याव्यात म्हणून एटी प्रोटोकॉल नावाचं स्वतःचं वेगळं स्टँडर्ड काढलं, पण आता या दोघांना एकमेकांशी बोलायला मध्ये पूल लागतो!!

फेसबुकवाल्या मेटाच्या थ्रेड्स या अॅपनेही २०२४ पासून अॅक्टिव्हिटीपबला थोडं थोडं दार उघडलंय. आनंद आहे, पण मला गूगलचं जुनं चॅट, गूगल टॉक आठवतं. एक्सएमपीपी या चॅटच्या खुल्या स्टँडर्डमुळे २००६ पासून दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशीही त्यावरून चॅट करता यायचं, २०१३ मध्ये त्याच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं आणि ती सोय त्यात नव्हती. कंपनीने मर्जीने उघडलेलं दार ती मर्जीने लावूनही घेते. नंबर पोर्टेबिलिटी काय कंपन्यांनी हौसेने दिली होती का? ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा नियम होता म्हणून मिळाली. युरोपने डिजिटल मार्केट्स अॅक्ट करून व्हॉट्सअॅपला दुसऱ्या चॅट अॅप्ससाठी जागा करायला लावलीच ना, मग आपणही मागायला हवं, आणि फक्त चॅटसाठी नाही, आपल्या पोस्टी आणि आपली माणसं सोबत नेता येतील असा नियम हवा.

मामाने गेल्या महिन्यात नवीन पेज काढलंय. पहिली ओवी टाकून झाल्यावर मला म्हणाला, "त्या अंबाजोगाईच्या बाई होत्या ना, त्यांना कसं कळवायचं गं?"