पोपच्या यादीवरून आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकराव (नावाच्या जागी तुम्ही नुसतं 'वाचक' लिहिलंय म्हणून असं म्हणतेय, राग नसावा), तुमची प्रतिक्रिया मिळाली. खाली दोन ओळींत उत्तर मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते काय झालं ते. कॉन्क्लेव्हच्या (पोप निवडायला कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, बंद दाराआड बसतात त्या सभेच्या) आधी मी पुढचा पोप कोण यावर एक लांबलचक लेख टाकला होता, त्यात पॅरोलिन, टागले, झुप्पी, पित्साबाला, एर्डो, अंबोंगो अशा कार्डिनलांची नावं होती आणि ८ मे २०२५ ला निवडून आले रॉबर्ट प्रीव्होस्ट, म्हणजे आताचे पोप लिओ चौदावे. तर वाचकराव म्हणतात की एवढी नावं देऊन एकही लागलं नाही, मग हे आणि पेपरातलं राशिभविष्य यात फरक काय, आणि 'जो पोप म्हणून आत जातो तो कार्डिनल म्हणून बाहेर येतो' ही रोमची म्हण मॅडमनी ऐकली नव्हती का, आणि तुमच्यात पवित्र आत्मा पोप निवडतो म्हणता ना मग हे गट-तट आणि मतांची गणितं कशाला, आणि पहलगाम झालेलं असताना मराठी माणसाला रोमच्या म्हाताऱ्यांची पंचाईत कशासाठी. पोपच्या नावांवर चाललेल्या सट्ट्यावरही ते चिडलेत. वर जाता जाता, एवढंच होतं तर आपल्या मुंबईच्या कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांचं नाव का नाही घेतलंत, हाही टोमणा.

राशिभविष्याचं आधी घेते. त्या लेखात 'अमुकच होणार' असं एक वाक्य मला दाखवा. मी लिहिलं होतं ते कोणाचं नाव का घेतलं जातंय यावर. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल लागल्यापासून ५ डिसेंबरच्या शपथविधीपर्यंत मुख्यमंत्रिपदासाठी रोज नवी नावं चालवली जायची, त्यातलं कुठलं खरं ठरेल यापेक्षा कुठलं नाव कोण सोडतंय आणि का, हे बघणाऱ्यालाच काही कळत होतं, तसंच हे आहे. पॅरोलिन हे २०१३ पासून व्हॅटिकनचे परराष्ट्र आणि कारभार असं दोन्ही बघणारे, त्यांचं नाव आलं की चीनचा विषय येतो, कारण बिशप नेमण्याबाबत २०१८ साली बीजिंगशी जो करार झाला तो त्यांच्या खात्याचा, आणि हाँगकाँगच्या कार्डिनल झेन यांच्यासारखे लोक त्यावर कायम भडकलेले. किन्शासाच्या अंबोंगो यांचं नाव आलं की समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायचा की नाही हा वाद येतो, डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मुभा दिली आणि महिन्याभरात आफ्रिकेतल्या बिशपांनी अंबोंगो यांना पुढे करून आमच्याकडे हे होणार नाही असं कळवून टाकलं. एवढी उघड नाही म्हणण्याची हिंमत इतक्या वर्षांत कोणी केली नव्हती. जेरुसलेमचे पित्साबाला घ्या, गाझात ओलीस ठेवलेल्या मुलांच्या बदल्यात मला न्या असं म्हणालेला माणूस, पण फ्रान्सिस गेले त्याच दिवशी, २१ एप्रिलला, हे साठ वर्षांचे झाले. साठीचा पोप निवडला की पंचवीस वर्षं तोच, हे गणित पोप जॉन पॉल दुसरे यांच्या साडेसव्वीस वर्षांनंतर कार्डिनल लोक विसरलेले नाहीत.

म्हणजे ती यादी वाचली की चर्च आत कुठे कुठे दुखतंय ते कळतं. हेच मला सांगायचं होतं आणि अजूनही तेच सांगतेय. लिओ निवडून आले म्हणून चीनचा करार मिटला का, आफ्रिकेचा राग गेला का, व्हॅटिकनच्या तिजोरीतला खड्डा बुजला का? सगळं तसंच त्यांच्या टेबलावर आहे.

आता प्रीव्होस्ट यांचं नाव बऱ्याच याद्यांत नव्हतं किंवा तळाला होतं त्याचं कारण साधं आहे, ते शिकागोचे. आधीच एवढी मोठी महासत्ता, त्यात पोपही अमेरिकन नको, हे इतकी वर्षं इतक्या लोकांनी इतक्या खात्रीने सांगितलंय की तो नियमच आहे असं वाटायला लागलं होतं. पण त्यांची बाकीची कुंडली (हो, मुद्दाम हाच शब्द वापरला) बघा. ऑगस्टिनियन या धर्मगुरूंच्या संघाचे बारा वर्षं प्रमुख, त्या कामाने जगभर फिरलेले, पेरूत चिक्लायोचे बिशप, पेरूचं नागरिकत्व घेतलेलं, स्पॅनिश आणि इटालियन दोन्ही सफाईने बोलणारे. २०२३ पासून जगातल्या बहुतेक बिशपांच्या नेमणुका बघणारं खातं त्यांच्याकडे होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, फ्रान्सिस हॉस्पिटलात जायच्या काहीच दिवस आधी, त्यांना कार्डिनल-बिशप या सगळ्यात वरच्या श्रेणीत घेतलं. मत देणारे होते १३३, त्यातले १०८ फ्रान्सिस यांनी नेमलेले, कोणी टोंगाचा, कोणी मंगोलियाचा, आणि फ्रान्सिस यांना सगळ्या कार्डिनलांना एकत्र बसवून चर्चा करायची फारशी हौस नव्हती त्यामुळे यातल्या निम्म्यांना उरलेल्या निम्म्यांची नीट ओळख नाही. अशा सभेत ज्याच्या ऑफिसात कामानिमित्त सगळे येऊन गेलेत त्याचं पारडं जड असणारच. ८९ मतं लागत होती आणि दुसऱ्याच दिवशी, चौथ्या फेरीत काम झालं.

शिवाय खरी निवड सिस्टीन चॅपेलच्या आत, जिथे मतदान होतं तिथे, सुरू होते असं जे वाटतं ना, ते तसं नाही. त्याच्या आधी रोज सभा होतात, ऐंशीच्या वरचे, ज्यांना मत नाही, तेही त्यात बोलतात, आणि तिथे माणूस पारखला जातो. २०१३ ला बेर्गोलिओ (म्हणजे नंतरचे पोप फ्रान्सिस) तिथे चारेक मिनिटं बोलले, चर्चने स्वतःभोवती फिरणं थांबवून कडेच्या लोकांपर्यंत गेलं पाहिजे असं काहीसं, हवानाच्या कार्डिनल ओर्तेगा यांनी त्यांच्याकडून तो कागद मागून घेतला म्हणून आज आपल्याला तो वाचायला मिळतो. त्यावेळी सगळे मिलानच्या स्कोला यांचं नाव घेत होते. इतके, की धूर पांढरा झाल्यावर इटलीच्या बिशपांच्या ऑफिसातून पत्रकारांना ईमेल गेला, स्कोला पोप झाल्याबद्दल आनंद वाटतो म्हणून! बाल्कनीत आले बेर्गोलिओ. इटलीतल्या बिशपांच्या ऑफिसला जे कळत नाही ते वसईत बसून मला कळावं ही अपेक्षा जरा जास्तच झाली, नाही का.

सट्ट्याबद्दल मात्र तुम्ही बोललात ते मला पटतं. बेटिंगच्या साईटवर पॅरोलिन सगळ्यात वर आणि प्रीव्होस्ट एखाद्या टक्क्याच्या आसपास असे आकडे चॅनेलवाले एक्झिट पोलसारखे दाखवत होते, तो प्रकार मलाही किळसवाणाच वाटला. आणि नावं नुसती चालवतात असं नाही, पाडतातही. कॉन्क्लेव्हच्या तोंडावर पॅरोलिन यांची तब्येत अचानक बिघडली अशी बातमी पसरली, व्हॅटिकनला ती नाकारावी लागली. फिलिपिन्सचे टागले यांचा, स्वर्ग नाही, धर्म नाही अशी कल्पना करा म्हणणारं जॉन लेननचं 'इमॅजिन' गातानाचा जुना व्हिडिओ कुठून तरी उकरून काढला गेला आणि बघा हा किती श्रद्धाळू आहे असं खवचटपणे फिरवला गेला.

पण हे आजचं आहे असं समजू नका. १५९० साली रोमने एका वर्षात तीन पोप पाहिले, सिक्स्टस पाचवे ऑगस्टमध्ये वारले, अर्बन सातवे सप्टेंबरमध्ये आले आणि तेराव्या दिवशी गेले, मग डिसेंबरमध्ये ग्रेगरी चौदावे. शहरातले दलाल राजरोस पोपवर पैजा घेत होते. त्याच सुमाराची अजून एक भानगड, संत मलाकीच्या नावावर खपवलेली पोपांच्या भविष्याची यादी. तीच हो, फ्रान्सिस गेल्यावर 'हा शेवटचा पोप, आता जगबुडी' म्हणून तुम्हाला आम्हाला सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली. ती छापली गेली १५९५ ला, आणि गंमत अशी की १५९० पर्यंतच्या पोपांबद्दल तिच्यात सगळं अगदी बरोब्बर आणि त्याच्या पुढे सगळं मोघम. बऱ्याच अभ्यासकांचा संशय असा की ती सिमोन्चेल्ली नावाच्या कार्डिनलला निवडून आणायला रचलेली, कारण त्या वेळच्या पोपसाठी तिच्यात 'शहराच्या प्राचीनतेतून' असे शब्द आहेत आणि हे सिमोन्चेल्ली ऑर्व्हिएतोचे, ज्या गावाच्या नावाचाच अर्थ जुनं शहर. म्हणजे हा चारशे वर्षांपूर्वीचा प्रचाराचा फॉरवर्ड! सिमोन्चेल्ली काही झाले नाहीत, ग्रेगरी झाले, आणि त्यांनी १५९१ मध्ये हुकूमच काढला की पोपच्या निवडणुकीवर, पोप किती जगेल यावर किंवा कोण कार्डिनल होईल यावर पैज लावणाऱ्याला चर्चमधून बाहेर काढण्यात येईल. त्यानंतर काही महिन्यांतच तेही वारले, बाजार काही बंद झाला नाही.

म्हणीचं थोडक्यात. म्हण ऐकायला झकास आहे पण १९३९ ला पाचेली आत गेले ते पोप म्हणूनच आणि आले पायस बारावे होऊन, १९६३ ला मोंतिनी (पॉल सहावे) यांचं तेच, २००५ ला रात्झिंगर (बेनेडिक्ट सोळावे) यांचं तेच. म्हणीला यातला एकही आठवत नाही, तिला फक्त १९७८ चा ऑक्टोबर आठवतो, जेव्हा सिरी आणि बेनेल्ली या दोन इटालियनांच्या ओढाताणीत कोणाच्या ध्यानीमनी नसलेले वोय्तिला (जॉन पॉल दुसरे) वर आले, साडेचारशे वर्षांतला पहिला बिगर-इटालियन.

पवित्र आत्म्याबद्दल तुम्ही ज्या सुरात लिहिलंत तो मला आवडला नाही, स्पष्टच सांगते, पण प्रश्न रास्त आहे आणि तो आमच्या घरातही विचारला जातो. यावर माझ्यापेक्षा रात्झिंगर यांनी दिलेलं उत्तर भारी आहे. १९९७ ला, अजून कार्डिनल असताना, बव्हेरियाच्या टीव्हीवर त्यांना हेच विचारलं होतं, तर ते म्हणाले होते की पवित्र आत्माच पोप उचलून देतो असं मी म्हणणार नाही, कारण त्याने नक्कीच निवडले नसते असे बरेच पोप इतिहासात होऊन गेलेत. तो दिशा देतो, माणसाचा हात धरून मत लिहून घेत नाही, आणि फार फार तर एवढी खात्री की सगळंच्या सगळं मातीत जाणार नाही. हे म्हणणारा माणूस आठ वर्षांनी स्वतः पोप झाला. तेव्हा गणितं करायला श्रद्धा आड येत नाही. १९०३ पर्यंत तर राजांचा नकाराधिकारही चालायचा, ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा निरोप घेऊन क्राकोचा कार्डिनल उभा राहिला आणि आघाडीवर असलेल्या रांपोल्ला यांचा पत्ता कट झाला. मग जे पोप झाले त्या पायस दहावे यांनी पुढच्याच वर्षी ही पद्धत मोडीत काढली, स्वतः त्याच पद्धतीच्या कृपेने निवडून आलेले असून! मला ते फार आवडतात त्यासाठी.

पहलगामचं. त्या आठवड्यात माझंही मन थाऱ्यावर नव्हतं, आणि ८ मे च्या रात्री साडेनऊच्या पुढे रोमला पांढरा धूर निघाला तेव्हा आमच्याकडेही टीव्हीवर जम्मूचे सायरनच चालू होते, पोप खालच्या पट्टीत. पण त्याच आपल्या देशाने फ्रान्सिस यांच्यासाठी तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला होता आणि राष्ट्रपती मुर्मू स्वतः अंत्यविधीला गेल्या होत्या, तेव्हा दोन्हीकडे लक्ष असण्यात देशद्रोह नसावा. आणि 'मराठी माणसाला काय' हे तर तुम्ही बोलायलाच नको होतं. वसईत आमची मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत होते, 'सुवार्ता' मासिक मराठीत निघतं, ते ज्यांनी इतकी वर्षं चालवलं ते फादर दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मी मराठी माणूसच आहे की. आणि इथला बिशप कोण हे शेवटी पोपच ठरवतात. त्यातही, भारतातल्या बहुतेक लॅटिन (म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीच्या) धर्मप्रांतांची फाईल धर्मप्रसाराच्या ज्या खात्यातून जाते ते आता टागले बघतात, म्हणून टागले यांच्यावर मी जरा जास्त लिहिलं होतं. तुम्हाला ते फिलिपिन्सचं कौतुक वाटलं.

त्याच खात्यावरून ग्रेशस यांच्याकडे येते. त्या खात्याच्या प्रमुखाला रोमला 'लाल पोप' म्हणतात आणि २००६ ते २०११ या काळात त्या खुर्चीवर मुंबईचे इव्हान डायस होते. २००५ च्या याद्यांत त्यांचं नाव खरोखर होतं, ते वाचायला मिळालं असतं तर तुम्हाला आनंद झाला असता. ग्रेशस यांना २४ डिसेंबर २०२४ ला ऐंशी पूर्ण झाली, आणि पोप गेले तेव्हा ज्याला ऐंशी पूर्ण झालीत त्याला मत नाही, त्यामुळे ते आतच नव्हते. नियमाने बघितलं तर बाप्तिस्मा झालेला कुठलाही पुरुष पोप होऊ शकतो, आत असायलाच हवं असं नाही, पण कार्डिनल नसलेला शेवटचा पोप १३७८ साली झाला आणि ऐंशीच्या पुढचा निवडायची तर आता कोणाची छातीच होणार नाही. या वेळी आत आपले चार जण होते, गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, हैदराबादचे अँथनी पूला, जे पहिले दलित कार्डिनल, तिरुवनंतपुरमचे बसेलियोस क्लिमिस आणि तेव्हा पोपचे परदेश दौरे आखणारे केरळचे जॉर्ज कूवाकाड, वय तेव्हा फक्त ५१. फेर्राव यांना जानेवारी २०३३ पर्यंत मत आहे आणि लिओ निवडले गेले तेव्हा ६९ चे, तब्येतीने धडधाकट, टेनिस खेळणारे, त्यामुळे पुढच्या यादीत फेर्राव यांना घाला असं म्हणणार असाल तर आकडेमोड तुम्हीच करून बघा. कूवाकाड यांच्याबद्दल मात्र मला लिहायचंय, ते निवांत लिहीन.