"परफेक्ट आर्चर"चे सात नियम आणि त्यातला सावळागोंधळ

डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आणि गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळणाऱ्या मराठी पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, "परफेक्ट आर्चर : हे सात नियम पाळा, डीएम रडेल" (डीएम म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा), खाली बाण आणि आगीचे इमोजी. माझ्याकडेही आला होता, मी सोडून दिला, असल्या गोष्टींना उत्तरं देत बसायला वेळ कोणाला आहे. पण परवा कोथरूडला ताईकडे गेले तर भाची म्हणाली मावशी माझं कॅरेक्टर बघ ना, आणि शीटवर काय तर हाफलिंग (बुटका वंश) रेंजर (रानात वावरणारा लढवय्या), स्ट्रेंथ म्हणजे ताकद १६, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई १२, हातात लाँगबो, म्हणजे मोठं धनुष्य. म्हटलं हे कोणी शिकवलं? तिने मोबाईल पुढे केला. तोच मेसेज.

मेसेज लिहिणारा स्वतः म्हणतो की हे फिफ्थ एडिशनसाठी आहे. ठीक. मग माझ्यासमोर २०१४चं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक आहे, त्यातून एकेक बघू. यातले हत्यारांचे, चिलखताचे आणि लढाईचे नियम बेसिक रूल्समध्ये फुकट वाचायला मिळतात, त्यामुळे पुस्तक महाग आहे ही सबबही चालणार नाही.

पहिला नियम : "धनुष्य ओढायला ताकद लागते, म्हणून सगळ्यात मोठा आकडा स्ट्रेंथमध्ये टाका." चूक, सरळ चूक. सातव्या प्रकरणात स्वच्छ लिहिलंय, रेंज्ड म्हणजे लांबून मारायचं हत्यार असेल तर नेम आणि डॅमेज दोन्हीला डेक्स्टेरिटी. स्ट्रेंथ येते ती भाला किंवा हँडॲक्ससारख्या फेकायच्या हत्यारांना. आता हे कुठून आलं तेही मला माहितीये. जुन्या ३.५ एडिशनमध्ये कंपोझिट लाँगबो होता, त्याला जास्त पैसे मोजले की स्ट्रेंथचा बोनस डॅमेजमध्ये धरता यायचा. आणि हो, खऱ्या जगात जाड धनुष्य ओढायला दंडात जोर लागतोच, १५४५मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजातून जी इंग्लिश धनुष्यं वर काढली ती ओढायला १०० पौंडांच्या वर जोर लागत असावा असा अंदाज आहे. एवढं मान्य. पण तुम्ही जो खेळ खेळताय त्यात तो नियम नाही, विषय संपला.

दुसरा नियम : "वंश कुठलाही असो, लाँगबोच घ्या." हा तर माझ्या भाचीला थेट भोवला. लाँगबोला हेवी ही प्रॉपर्टी आहे आणि २०१४च्या नियमात स्मॉल आकाराच्या कॅरेक्टरला, म्हणजे हाफलिंग, नोम वगैरेंना, हेवी हत्याराने मारताना डिसअॅडव्हांटेज. दोन फासे टाका, लहान आकडा धरा.

आता तिच्याच शीटवर हिशोब करू. समोर साधा गॉब्लिन (छोटा राक्षस), एसी १५, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावरचा आकडा आणि बोनस मिळून किमान १५ झाले तर बाण लागतो. पहिल्या लेव्हलला तिचा बोनस प्रोफिशियन्सीचे (हत्यार चालवायच्या सरावाचे) २ आणि डेक्सचा १, एकूण ३, म्हणजे फाशावर १२ यायला हवेत, ४५ टक्के. त्यावर डिसअॅडव्हांटेज लावा, उरले २० टक्के. पाच बाणांत एक! तोच फाशावर आलेला १६ तिने डेक्समध्ये टाकला असता तर हाफलिंगचे २ मिळून झाले असते १८, बोनस ६, आणि साध्या शॉर्टबोने ६० टक्के. पाचात तीन. (हाफलिंगचं लकी, म्हणजे वंशातून मिळणारं नशीब, दोन्हीकडे धरलेलं नाही.) वर डॅमेज बघा, लाँगबोचा डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक १ म्हणजे सरासरी साडेपाच, शॉर्टबोचा डी६ अधिक ४ म्हणजे साडेसात. म्हणजे "मोठं" धनुष्य घेऊन पोरगी नेमही चुकवतेय आणि लागला तरी कमीच मारतेय. रेंज १५०/६०० विरुद्ध ८०/३२० हा फरक आहे, पण गुहेत आणि तळघरात ८० फूट सरळ मोकळी जागा मिळते कधी? तिला म्हटलं लाँगबो विकून टाक, ५० सोन्याच्या नाण्यांचा माल निम्म्याला जातो, २५ येतील, शॉर्टबो बरोबर २५लाच मिळतो, आणि आकड्यांच्या अदलाबदलीचं डीएमदादाला विचार. २०२४च्या नवीन पुस्तकात हेवीचा नियम बदललाय, तिथे आकार बघत नाहीत, डेक्स १३च्या खाली असेल तर डिसअॅडव्हांटेज. म्हणजे गंमत बघा, डेक्स १२वाली आमची बाई तिथेही अडकलीच असती.

तिसरा नियम सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. "व्हेरियंट ह्यूमन घ्या, पहिल्याच लेव्हलला शार्पशूटर फीट घ्या आणि प्रत्येक बाणाला वजा ५ अधिक १० करा." व्हेरियंट ह्यूमन म्हणजे माणसाचा पर्यायी प्रकार, फीट म्हणजे जादा कसब, आणि या कसबात नेमातून ५ वजा करून डॅमेजमध्ये १० वाढवता येतात. फीट चांगली आहे, नाही कोण म्हणतंय. पाचव्या लेव्हलचा फायटर, डेक्स १८, आर्चरी स्टाईल या तिरंदाजीच्या कौशल्याचे २ धरून बोनस ९, समोर एसी १५ : साधा बाण सरासरी ६.६ देतो, वजा ५ घेतलेला साधारण साडेनऊ. घ्याच. पण "प्रत्येक बाणाला"? पुस्तकात चक्क लिहिलंय की मारण्याआधी तुम्ही ठरवू शकता, ठरवायचं आहे, सवय लावायची नाहीये.

पहिल्या लेव्हलचा फायटर घ्या, डेक्स १६, आर्चरी स्टाईल, बोनस ७. गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, किती? ७. साधा बाण डी८ अधिक ३, म्हणजे फाशावर ४ आले की गॉब्लिन आडवा, लागण्याची शक्यता धरून एका बाणात मरण्याची शक्यता साधारण ४२ टक्के. वजा ५ करून? लागला की मेलाच, पण लागणार फक्त ४० टक्के वेळा. म्हणजे डास मारायला तोफ आणलीत आणि डास त्यातल्या त्यात जास्तच वाचले. शिवाय साधा बाण लागून गॉब्लिन मेला नाही तरी जखमी होतो, पुढचा भिडू त्याला संपवतो, चुकलेल्या बाणाचं काय करायचं? आणि डिसअॅडव्हांटेज असेल, म्हणजे समोरचा जमिनीवर पडलेला असेल किंवा कोणीतरी पाच फुटांत येऊन उभा असेल, तर पाचव्या लेव्हललाही एसी १८च्या हॉबगॉब्लिनवर वजा ५ घेतल्यावर ३६ टक्क्यांचे १२ होतात. शार्पशूटरचा न बोलला जाणारा फायदा वेगळाच आहे, पुढे आपलाच बार्बेरियन उभा असतो त्याच्यामुळे शत्रूला हाफ कव्हरचे (अर्ध्या आडोशाचे) २ एसी मिळतात, ते ही फीट खाऊन टाकते. मेसेजमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही. आणि २०२४च्या पुस्तकात वजा ५ अधिक १० काढूनच टाकलंय, तेव्हा आधी टेबलवर कुठलं पुस्तक आहे ते विचारा.

चौथा, "आर्चर मागे असतो, चिलखतावर पैसे घालवू नका." गॉब्लिनच्या स्टॅट ब्लॉकमध्ये (आकड्यांच्या चौकटीत) शॉर्टबो आहे हो, तोही ८० फुटांवरून मारतो. स्टडेड लेदर हे चामड्याचं चिलखत ४५ नाण्यांना, एसी १२ अधिक डेक्स, पहिली कमाई तिथेच.

पाचवा, "तलवार ठेवू नका." पाच फुटांत शत्रू आला की धनुष्याला डिसअॅडव्हांटेज. रेंजरला सुरुवातीलाच दोन शॉर्टस्वोर्ड मिळतात, असू द्या कंबरेला.

सहावा, "किमान २०० बाण." घ्या बापडे, २० बाण एका नाण्याला मिळतात, फार बिघडत नाही. पण लढाई संपल्यावर मिनिटभर शोधलं की वापरलेले निम्मे परत मिळतात, आणि एका क्विव्हरमध्ये (भात्यात) २०च मावतात.

सातवा, "रेंजर फालतू, रोग घ्या आणि लाँगबोने स्नीक अॅटॅक मारा." (हा रोग म्हणजे आजार नव्हे, rogue, लपूनछपून वार करणारा; स्नीक अॅटॅक हा त्याचा तो वार.) २०१४चा रेंजर थोडा पडेल होता हे नाइलाजाने मान्य, फेव्हर्ड एनिमी (ठरावीक शत्रूंविरुद्धचं कसब) कित्येक टेबलवर वापरातच येत नाही, म्हणून तर २०२०च्या टाशाज कॉल्ड्रन या पुस्तकात त्याला पर्यायी फीचर्स द्यावी लागली. पण दुसऱ्या लेव्हलला हंटर्स मार्क हा मंत्र घेता येतो, लागलेल्या दर बाणाला डी६ जादा, तिसऱ्याला हंटर (रेंजरची एक शाखा) झालात तर कोलोसस स्लेयरचा डी८, याला फालतू म्हणत असाल तर म्हणा. आणि रोगला लाँगबोची प्रोफिशियन्सीच नाही, शॉर्टबोची आहे. हाय एल्फ किंवा वुड एल्फ असेल तर वंशातून मिळते, पण त्या मेसेजमध्ये एल्फ हा शब्दसुद्धा नाही.