पाच अंकांत गेला माझा अँकिलो

रविवारी रात्री झोपलो तेव्हा माझा अँकिलोसॉरस समोरच्याच्या टी-रेक्सला लोळवत होता. सोमवारी सकाळी तोच अँकिलो, तसाच टी-रेक्स, आणि माझा पठ्ठ्या आडवा. एकदा नाही, सलग सात वेळा. मधे काय झालं होतं? रात्री पावणेबाराला अपडेट आलं होतं.

गेमचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला. डायनासोरचे तुकडे जमवायचे, ते वाढवायचे आणि आखाड्यात दुसऱ्याच्या डायनासोरशी झुंजवायचे. ज्याला कळायचं त्याला एवढ्यावर कळलं असेल. आणि चौतीस वर्षांचा घोडा झालास तरी हे काय खेळत बसतोस, हे कृपा करून मला ऐकवू नका. घरी रोज ऐकतो.

हरण्याचं मला काही वाटत नाही, शाळेपासून सवय आहे. माझं डोकं फिरलंय ते त्या ताकदीच्या यादीवर. प्रत्येक कार्डावर सोनेरी अक्षरात एक आकडा छापलेला असतो. ताकद. त्या आकड्यावरून पहिला ते शंभरावा अशी क्रमवारी. पोरं ती पाढ्यांसारखी पाठ करतात, क्लास सुटल्यावर त्यावरून गचांडी धरतात. आणि तो आकडा म्हणजे काय? प्राण, मार, चिलखत, वेग, सगळं एका पिशवीत कोंबून केलेली बेरीज. चार भेंड्या, दोन गवारीच्या शेंगा आणि एक नारळ मोजायचे आणि सांगायचं, भाजी सात आहे!

माझं पोट प्रतवारीवर चालतं, म्हणून हे जास्त झोंबतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी माल तपासायला असतो. टॉवेल हातात आला की कडा सरळ आहे का, धागा ओढला गेलाय का, वजन बसतंय का बघायचं. चांगला एका ढिगात, सेकंड दुसऱ्या ढिगात, तुकडा निघाला तर फेंटमध्ये. ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा टॉवेल रविवारी रात्री ४५० चा असतो आणि सोमवारी सकाळीही ४५० चाच असतो. सेकंडच्या मालावर फर्स्टचं लेबल लावून पेटी बांधली, तर गिऱ्हाईक ती तशीच परत पाठवतो, आणि मग शेठ आमची जी पूजा बांधतो ती इथे लिहिण्यासारखी नाही.

तर मी माझी स्वतःची यादी केली. दोनशे पानी वही, रेघा मारून रकाने पाडलेले. कोण विरुद्ध कोण, पहिला फटका कोणाचा, किती फटक्यांत निकाल. तीन महिन्यांत ३४० झुंजी लिहिल्या. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने कडक भाकरी मोडायची, दुसऱ्या हाताने झुंज लावायची. वहीच्या अर्ध्या पानांवर शेंगाचटणीच्या तेलाचे डाग आहेत. त्या वहीतून मला कळलं की गेमच्या यादीत बाविसावा असलेला अँकिलो सातव्या नंबरच्या टी-रेक्सला हरवतो. नशिबाने नाही, हिशोबाने.

हिशोब बघा, साधा आहे. टी-रेक्सचे प्राण ४५००, मार १५००, वेग १०४. माझ्या अँकिलोचे प्राण ३३००, मार ९००, वेग १०८ आणि चिलखत ५० टक्के. चिलखतामुळे टी-रेक्सचा १५०० चा फटका मला ७५० चाच बसतो. म्हणजे मला मारायला त्याला पाच फटके लागतात. त्याला मारायला मलाही पाचच. पण वेग माझा जास्त, म्हणून पहिला फटका माझा. साहजिकच पाचवाही आधी माझाच. संपला विषय. सोनेरी आकडा गेला चुलीत.

आता अपडेटमध्ये त्यांनी काय केलं? अँकिलोचा वेग १०८ वरून १०३ केला आणि प्राण ३३०० वरून ३४०० केले. शंभर वाढले, पाच कमी झाले. सकाळी गेम उघडला तर स्क्रीनवर फटाके, रंगीत कागदांचा पाऊस, आणि मोठ्या अक्षरात: अभिनंदन, तुमचा अँकिलोसॉरस आता अधिक बलवान! ताकद ९५ ने वाढली. यादीत बाविसावरून एकोणीसवर.

आणि आखाड्यात? ३४०० प्राण संपवायलाही टी-रेक्सला पाचच फटके लागतात. चौथ्या फटक्यानंतर माझे ४०० उरतात, पाचव्यात मी जातो. फरक इतकाच की आता पहिला फटका त्याचा. माझे चार फटके खाऊन त्याचे बरोब्बर ९०० प्राण शिल्लक असतात, माझा एक फटका बरोब्बर ९०० चा, आणि पाळी त्याची! हे मी सोमवारी सात वेळा बघितलं. यादीत वर चढलेला माझा अँकिलो सातही वेळा त्याच जागी, त्याच अंगावर पडला. यांचा आकडा वाढला की मी हरतो. ही कुठली प्रतवारी आहे, सांगा मला कोणीतरी.

सातवी झुंज चालू असतानाच खालून हाक आली, "अहो, पाणी आलंय, मोटार लावा!" आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं, त्यामुळे ती हाक ऐकल्यावर सोलापुरात माणूस मरणाच्या दारातूनही उठतो. मी उठलो नाही. पाचवा फटका बघत बसलो. पुढचा अर्धा तास काय झालं ते सोडून द्या. टाकी अर्धीच भरली, एवढंच सांगतो.

संध्याकाळी बहिणीकडे जुळे सोलापूरला गेलो. भाचा आठवीत आहे. दारातच म्हणाला, "मामा, तुझा अँकिलो एकोणीसवर गेला की!"

"गेला. आणि टी-रेक्सकडून हरायला लागला."

"असं कसं? ताकद वाढलीय की त्याची."

मी वही काढली, पाच फटक्यांचं गणित मांडून दाखवलं. पोरगं हुशार आहे, लगेच कळलं त्याला. दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "मग तू नवीन शिंगवाला घे ना. पहिल्या नंबरचा आहे. पप्पांनी मला घेऊन दिला."

"कितीला?"

"सातशे नव्व्याण्णव."

म्हणजे बघा. अँकिलोचा वेग ज्या रात्री कमी झाला, त्याच रात्री दुकानात १०७ वेगाचं आणि चिलखत फोडणारं नवीन जनावर आलं. जगात कधी नव्हतंच असलं, दोन डायनासोर जोडून केलेलं. फुकटात मिळणारा अँकिलो कालपर्यंत त्याला भारी पडला असता. मी तपासलं, जुन्या १०८ वेगावर पडला असता! मग पाच अंक कापण्यामागचं कारण शोधायला काही संशोधन लागत नाही. ती ताकदीची यादी म्हणून लावलेली पाटी म्हणजे दरपत्रक आहे. सरळ रुपयांत लिहा ना, आम्ही वह्या तरी भरणार नाही.

बरं, खऱ्या डायनासोरशी तरी काही देणंघेणं असावं? रागाच्या भरात मी रात्री जागून वाचत बसलो, त्याने राग आणखी वाढला. यांच्या यादीत चौथा आहे थेरिझिनोसॉरस, का तर त्याची नखं अर्ध्या मीटरहून लांब. त्या बिचाऱ्याची नखं पहिल्यांदा सापडली, त्यांवरून १९५४ साली शास्त्रज्ञांना तो कासवासारखा प्राणी वाटला होता. तो पालापाचोळा खाणारा. आणि २०२३ साली त्या नखांचं कॉम्प्युटरवर मॉडेल करून बघितलं तर ती जोर लावायच्या कामाचीच नाहीत, बहुधा दाखवायपुरती, असं निघालं. गेममध्ये तोच एका फटक्यात ट्रायसेराटॉप्स उभा चिरतो. व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा, गुळगुळीत कातडीचा. खरा पंधरा-वीस किलोचा, आणि अंगावर पिसं. त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७ साली दाखवल्यात लोकांनी. डायमेट्रोडॉन तर डायनासोरच नाही, डायनासोर जन्मायच्या कितीतरी कोटी वर्षं आधी संपला, नात्याने तो आपल्या सस्तन प्राण्यांच्या जवळचा. तोही यादीत एकतिसावा!

खरी झुंज बघायची तर १९७१ साली गोबीच्या वाळवंटात सापडलेली आहे. पोलंड आणि मंगोलियाच्या लोकांनी उकरून काढली. व्हेलोसिरॅप्टरच्या पायाचं नख प्रोटोसेराटॉप्सच्या मानेपाशी, आणि व्हेलोसिरॅप्टरचा उजवा हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत. दोघं तसेच गाडले गेले, बहुधा वरून वाळू कोसळून. कोणाचा नंबर कितवा ते सांगा आता. गेममध्ये यांच्यात त्रेचाळीस जागांचं अंतर आहे.

पण सगळ्यात जास्त आग होते ती राजासॉरसवरून. गेम चालू केला की पहिल्याच दिवशी तो फुकट मिळतो. राखाडी चौकट, सर्वात खालची पायरी, यादीत सत्त्याण्णवावा. पोरं त्याला 'भंगार' म्हणतात. अरे, तो आपल्याकडचा आहे! गुजरातेत रहिओलीला १९८० च्या दशकात त्याची हाडं सापडली, २००३ साली नाव पडलं राजासॉरस नर्मदेन्सिस, नर्मदेवरून. डोक्यावर ठेंगणं शिंग, मांसाहारी, त्या काळच्या आपल्या भूमीवरचा मोठा शिकारी. आणि काळ कुठला? आपल्या दख्खनचा काळा दगड ज्या लाव्हारसाचा झाला, त्याच सुमाराचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आपल्या सोलापूरच्या विहिरी ज्या पाषाणात सुरुंग लावून खणल्या, तो दगड उकळत होता त्या सुमाराला हा गडी हिंडत होता. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडलेला लांब मानेचा इसिसॉरस तर यांच्या गेममध्ये नाहीच. मी भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, पण राजासॉरसचा वेग शंभरच आहे." घ्या!

पॅकबद्दल, म्हणजे गेममधल्या हिऱ्यांनी घ्यायच्या, आत कोणतं जनावर निघेल ते न कळणाऱ्या बंद पाकिटांबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर रक्तदाब वाढेल. भारीतलं जनावर निघायची शक्यता १ टक्का, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माणूस समजतो, शंभर पॅक फोडले की एक निघणारच. तसं नसतं. शंभर फोडूनही एकही न निघण्याची शक्यता ३६-३७ टक्के उरते. म्हणजे दहा जणांनी शंभर-शंभर फोडले तरी तीन-चार जण हात हलवत घरी. मी १५९ रुपयांचे एकदाच फोडले होते. बायकोला रिचार्ज सांगितलं. त्यातून अकरा राजासॉरस निघाले.

जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा भरते तेव्हा तिथे रिंग टाकायचा खेळ असतो. दहा रुपयांत तीन रिंगा, समोर साबणाच्या वड्या, कपबशा, मधोमध एक घड्याळ. रिंग घड्याळावर बसता बसत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण निदान एकदा हात बसला तर गाडेवाला रात्रीत येऊन रिंगा बारीक करून जात नाही. आणि केल्याच, तर तुमचा हात आता अधिक बलवान झालाय म्हणून अंगावर रंगीत कागद उधळत नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी तक्रार लिहिली. गेममध्येच एक खिडकी असते त्यासाठी. सगळं गणित घातलं, पाच फटके, ९०० प्राण, वेग १०८ आणि १०३, वहीच्या पानाचा फोटोसुद्धा जोडला, चटणीच्या डागासकट. मनात म्हटलं, कोणीतरी माणूस वाचेल, जीभ चावेल, वेग परत १०८ करेल. फार नाही, निदान यादीत खाली तरी टाकेल अँकिलोला. खरं ते लिहा, हरणारा असेल तर हरणारा लिहा.

दोन तासांत उत्तर आलं. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, अँकिलोसॉरस आता पूर्वीपेक्षा बलवान आहे याचा आनंद घ्या, आणि झालेल्या गैरसोयीबद्दल आमच्याकडून ५० हिऱ्यांची भेट.

पॅक ६० हिऱ्यांचा आहे.