हस्ताक्षरी फॉन्ट आणि आगळाचे लेबल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोकम आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) बाटलीसाठी मी ‘कलम’ हा हस्ताक्षराच्या वळणाचा फॉन्ट वापरला. त्यावर आपण लिहिले आहे की, बाळबोध अक्षराची परंपरा असलेल्या मराठीत अशी तिरकी, घाईत लिहिल्यासारखी अक्षरे म्हणजे पोरखेळ आहे आणि खरा हात एकच अक्षर दोनदा सारखे काढत नसल्याने हे हस्ताक्षर खोटेही आहे.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. पोथ्या बाळबोधीत उतरवल्या जात, त्याच काळात हिशेब आणि पत्रे मोडीत, हात शक्य तितका न उचलता लिहिली जात. मजकूर पाहून वळण निवडण्याची समज आपल्याकडे जुनीच आहे. मालवणात घरच्या रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, आगळ काढून विकणाऱ्या काकूंना लेबलवर ‘मीठ आधीच आहे, सोलकढीत बेताने घाला’ असे छापायचे होते. ही ओळ शेजारीण सांगते तशी वाचली जावी, अशी माझी इच्छा होती. कॉमिक सॅन्सचा जन्मही अशाच गरजेतून झाला. कार्टून कुत्र्याच्या तोंडचे शब्द टाइम्स न्यू रोमनमध्ये विजोड दिसले, म्हणून व्हिन्सेंट कॉनारे यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी तो काढायला घेतला. पुढे तो नको तिथे वापरला गेल्याने बदनाम झाला.

दुसरा आक्षेप मात्र पटला. ‘कोकम’ या शब्दात दोन ‘क’ आहेत आणि मोठ्या आकारात ते एकाच साच्यातून निघालेले स्पष्ट दिसतात. पेंटरच्या ब्रशने दुसऱ्या ‘क’चे शेपूट थोडे तरी वेगळे वळले असते. पुढच्या लेबलवर नाव पेंटरकडूनच लिहून घेईन. बारीक मजकूर ‘कलम’मध्येच राहील.

आपल्या नजरेतून सुटलेली एक चूकही सांगतो. ‘भरतीच्या वेळी किनाऱ्यावर थांबू नये’ या आमच्या गावच्या फलकासाठी मी हाच फॉन्ट दिला होता. जिवाच्या धोक्याची सूचना लांबून, एका नजरेत वाचता यायला हवी, आणि ही तिरकी अक्षरे लांबून एकमेकांत मिसळतात. शिवाय छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऱ्या’ मोडून त्यावर रफार चढला, ‘किनार्यावर’ असे छापले गेले आणि मी ते तपासले नाही. तो फलक आता सरळ, ठळक अक्षरांत पुन्हा करायला दिला आहे.