‘एकतर्फी कपाट’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

युद्धविरोधी चळवळींच्या दप्तरांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : हे संग्रह समर्थकांनीच जमवले असल्यामुळे ती इतिहासाची साधने नसून गौरवाचे देव्हारे आहेत, त्यांतील माणसे मी म्हटले तशी ‘आवाज नसलेली’ मुळीच नव्हती, आणि ज्यांना युद्ध थांबवता आले नाही त्यांची पत्रके जपण्यात काही हशील नाही. शेवटी आपण आव्हान दिले आहे की, चळवळीच्या दप्तरातला चळवळीलाच अडचणीत आणणारा एक तरी कागद मी दाखवावा.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. अमेरिकेतील समाजसेविका आणि शांतता-चळवळीच्या नेत्या जेन ॲडम्स यांनी १९३० च्या सुमारास आपली पुस्तके आणि कागदपत्रे पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयाकडे सोपवली, त्यातून तिथला प्रसिद्ध शांतता-संग्रह उभा राहिला, आणि १९३१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा बाईंना आवाज नव्हता असे म्हणणे हास्यास्पदच आहे. ते वाक्य मी लेखातून काढले आहे. मात्र आपणही सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. व्हिएतनाम युद्धाच्या काळात खुद्द अमेरिकी सैनिकांनी चोरून काढलेली, सायक्लोस्टाइलवर फिरवलेली युद्धविरोधी वार्तापत्रे विस्कॉन्सिनच्या इतिहास-संस्थेने मोठ्या संख्येने गोळा केली आहेत. ती काढणाऱ्यांत नोबेल मिळवणारे कोणी नव्हते, आणि त्यांतल्या अनेकांना पकडले गेल्यास शिक्षेची धास्ती होती.

आता एकतर्फीपणाविषयी. हे कागद समर्थकांनी जमवले हे खरे आहे. प्रश्न इतकाच, की दुसरे कोण जमवणार होते? ब्रिटनमध्ये १९१६ च्या कायद्याने सक्तीची लष्करभरती आली आणि सूट मागणाऱ्यांचे अर्ज ऐकण्यासाठी गावोगाव न्यायाधिकरणे बसली. युद्ध संपल्यावर त्यांची कागदपत्रे नष्ट करण्याचा आदेश सरकारनेच काढला. नमुना म्हणून इंग्लंडमधील मिडलसेक्सच्या अपिलांचे आणि स्कॉटलंडमधील लोदियन-पीबल्सचे दप्तर तेवढे मुद्दाम राखले गेले. त्याखेरीज जे उरले ते बरेचसे योगायोगाने. मिडलसेक्सचे कागद आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. छापील अर्जावर सूट मागण्याची कारणे अक्षरे घालून ओळीने दिलेली आहेत, आणि सदसद्विवेकबुद्धी हे त्यांपैकी केवळ एक कारण आहे. बहुसंख्य अर्जदारांनी ते निवडलेलेच नाही. दुकान कोण सांभाळणार, म्हाताऱ्या आईकडे कोण पाहणार, हीच त्यांची काळजी आहे. युद्धाला तत्त्वतः नकार देणारे किती थोडे होते, हे चळवळीच्या पत्रकांतून कधी कळले नसते. ते या सरकारी दप्तरातून कळते. उलट, युद्धसेवा नाकारणाऱ्यांची ब्रिटनमधील संख्या सुमारे १६,००० असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, ती त्याहून मोठी होती हे सिरिल पिअर्स या अभ्यासकाने वृत्तपत्रे, तुरुंगातील नोंदी आणि चळवळीची कागदपत्रे एकत्र ताडून, एकेक नाव गोळा करून दाखवले. बखरही एकाच बाजूची असते. म्हणून कोणी ती फेकून देत नाही, दुसऱ्या कागदाशी ताडून पाहतो. ताडायला दुसरा कागद शिल्लक असावा लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपण सरकारी अभिलेखागारांना ‘तटस्थ’ म्हटले आहे, तिथे मात्र मी थांबलो. स्वार्थमोरपासून काही मैलांवर मीडिया नावाचे गाव आहे. ८ मार्च १९७१ च्या रात्री काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी तिथले एफबीआयचे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे, छोटे कार्यालय फोडले आणि फायली पळवून वृत्तपत्रांकडे पाठवल्या. त्या फायलींतून जे बाहेर आले त्यात स्वार्थमोर महाविद्यालयावरील पाळतही होती. तिथल्या एका प्राध्यापकाच्या दूरध्वनींची खबर देण्यासाठी महाविद्यालयाच्याच टेलिफोन ऑपरेटरचा उपयोग करून घेतला जात होता. म्हणजे एका इमारतीत शांततेचे कागद जपले जात होते आणि तिथेच वावरणाऱ्या माणसांची दुसरी नोंद सरकार गुपचूप ठेवत होते. चोरीचे समर्थन मला करायचे नाही. पण ती झाली नसती तर हा दुसरा संग्रह कोणाच्या आणि केव्हा दृष्टीस पडला असता, याचा विचार आपणच करावा.

अपयशाच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. १९१६ च्या न्यायाधिकरणांसमोर लष्कराचा प्रतिनिधी बसून अर्जदारांची उलटतपासणी घेई. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० जणांनी सदसद्विवेकाच्या आधारे नोंदणी केली, तेव्हा न्यायाधिकरणांवर तसा प्रतिनिधी नव्हता. युद्ध थांबले नाही हे मान्य, पण मधल्या काळात काहीच बदलले नाही असे म्हणता येणार नाही.

राहिले आपले आव्हान. कॅथरीन मार्शल या पहिल्या महायुद्धकाळात सक्तीच्या भरतीला विरोध करणाऱ्या ब्रिटिश संघटनेच्या मानद चिटणीस होत्या. त्यांचे दप्तर उत्तर इंग्लंडमधील कार्लाइल येथे आहे. संघटनेचे शेकडो सभासद तुरुंगात होते, आणि त्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून मार्शल मंत्र्यांची, अधिकाऱ्यांची दारे ठोठावत होत्या. शांततेच्याच कार्यातील क्वेकर (युद्धाला धर्मश्रद्धेने नकार देणारा ख्रिस्ती पंथ) सहकाऱ्यांच्या समितीला हे रुचले नाही. कैद्यांनी सोसलेला त्रास हीच त्यांच्या श्रद्धेची साक्ष आहे, तो कमी करण्यासाठी सरकारकडे रदबदली करणे म्हणजे त्या साक्षीचे तेज घालवणे, अशी तिची भूमिका होती. तुरुंगाबाहेर बसलेल्यांनी तुरुंगातल्यांच्या यातनांचे मोल ठरवावे, हे मला वाचवत नाही. आपल्यालाही वाचवणार नाही. युद्धाच्या एखाद्या समर्थकाला शांततावाद्यांची कोंडी करायला याहून चांगले साधन मिळाले नसते. तरीही हा वाद आज आपल्याला कळतो, तो पोलिसांच्या अहवालामुळे नव्हे, तर स्वतः त्या वादात भाजलेल्या बाईंनी आपले कागद टाकून न दिल्यामुळे.